गारवा कोठें जातो?

चैत्र सरून वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील मोटारींच्या कारागिरांकडे एक मागणी रोज येते. "एसी थंड करीत नाहीं, गॅस संपला असेल, भरून द्या." मागणी करणारे गृहस्थ बहुधा शिकलेले असतात. कारागीर होकार देतो, नळी जोडतो, काटा पाहतो, आणि अर्ध्या तासांत गाडी पुन्हां गार हवा सोडूं लागते. पुढल्या वैशाखांत तेच गृहस्थ त्याच दुकानीं उभे असतात. दोघांच्याही मनांत पेट्रोलच्या टाकीचें चित्र असतें. जळण जळतें, संपतें, पुन्हां भरावें लागतें. तसाच हा गॅसही उन्हाळ्यागणिक खर्च होत असावा, असा समज दोन्हीकडे पक्का बसला आहे. हा समज खोटा आहे. मोटारीच्या शीतयंत्रांतील वायु खर्च होण्यासाठीं घातलेलाच नसतो. तो कमी झाला असेल तर कोठें तरी वाट फुटून निघून गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. बंद नळ्यांत कोंडलेला हा वायु घरच्या फ्रिजमध्यें वर्षानुवर्षें टिकतो आणि मोटारींतूनच तेवढा कां सुटतो, याचें उत्तर यंत्राच्या जन्मकथेंत आहे. ती कथा आमच्या मुलखापासून वाटते तितकी दूरची नाहीं, म्हणून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. थंडी नांवाचा पदार्थ जगांत नाहीं. एका ठिकाणची उष्णता उचलून दुसऱ्या ठिकाणीं टाकली, म्हणजे पहिलें ठिकाण गार झालें असें आपण म्हणतों. या उचलाउचलीला हमाल लागतो, आणि निसर्गानें दिलेला सर्वांत स्वस्त हमाल म्हणजे पाणी.

नेकनूरच्या बाजारांत हा हमाल उघड्यावर काम करतांना दिसतो. बीडहून सोलापूरच्या रस्त्यानें निघावें, पाली मागें टाकून घाट चढावा, मांजरसुंब्याहून केजच्या वाटेस लागावें, कीं बालाघाटाच्या पठारावर हें गांव येतें. नेक म्हणजे चांगला व नूर म्हणजे तेज. नांवाची व्युत्पत्ति कशीही असो, वैशाखांतील दुपारीं तेथें तेजाची उणीव भासत नाहीं. उन्हाळ्यांत आमच्याकडील कोणत्याही बाजारीं माठांच्या उतरंडी लागलेल्या दिसतात, आणि घेणारी बाई बोटाच्या पेरानें माठ वाजवून घेते. तो फुटका नसावा हें ती पाहते. पण तो पाझरला पाहिजे हेंही तिला ठाऊक असतें. अंगावर ओल न धरणारा माठ पाणी गार करीत नाहीं. आंतलें पाणी छिद्रांवाटे बाहेर येतें, वाफ होऊन उडतें, आणि उडतांना मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक ग्रॅम पाणी उडून जावयास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाण्यांतील अवघें २० ग्रॅम असें उडून गेलें, आणि बाहेरून नवी उष्णता आंत आली नाहीं, तर उरलेलें पाणी अकराबारा अंशांनीं उतरावें. प्रत्यक्षांत बाहेरची उष्णता आंत येतच असते, म्हणून इतका लाभ पदरीं पडत नाहीं. तरी हिशेब हाच. दोन उन्हाळे वापरलेल्या माठाचीं छिद्रें जड पाण्यांतील क्षारांनीं बुजतात, आणि मग घरांतील म्हातारी माणसें माठ "निबर झाला" म्हणून तो गुरांच्या पाण्यास लावतात. पूर्वीं सर्व्हिस मोटारींच्या व जीपगाड्यांच्या पुढें जाड कापडाची छागल टांगीत असत, तिचेंही तत्त्व हेंच. गाडी धांवूं लागली कीं वारा लागे, ओल उडे, आणि प्रवाशांस घोटभर गार पाणी मिळे. मोटारीवर बसविलेलें आमच्या प्रांतांतील पहिलें शीतयंत्र तिला म्हणण्यास हरकत नाहीं. या सर्व साधनांत हमाल ओझें घेऊन जातो तो परत येत नाहीं. त्याच्या जागीं रोज नवा लावावा लागतो, म्हणजे पाणी ओतावें लागतें.

ही गोष्ट राजेरजवाड्यांसही सुटलेली नव्हती. बीडहून नेकनूरकडे येतांना शहर सोडल्यावर थोड्याच अंतरावर खजाना बावडी लागते. अहमदनगरच्या निजामशाहींत मूर्तजा निजामशहाचा कारभारी सलाबतखान यानें ती इ. स. १५८३ च्या सुमारास बांधविली. भुयारी वाटांनीं पाणी आंत येतें, आणि तसेंच भुयारानें खालच्या शेतांकडे जातें. बांधणाराचा मूळ हेतु शेतीचा. तथापि भर उन्हाळ्यांत तिच्या पायऱ्या उतरून गेलेल्या कोणासही वर व खालीं यांतला फरक सांगावयास नको. त्याच सलाबतखानाचा हात अहमदनगरजवळच्या फराहबागेंतील महालासही लागला होता. हा महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभा केलेला आहे, आणि भोंवतालच्या पाण्यावरून येणारा वारा उंच घुमटाच्या दालनांत खेळावा अशी त्याची रचना आहे. तलाव भरलेला असतां या वाड्यांत जे सुख असेल तें असो. तलाव कोरडा असला म्हणजे त्याच भिंती, तोच घुमट, तेच झरोके, आणि गारव्याचें नांव नाहीं. यंत्र शाबूत असून थंडी बंद पडल्याचें याहून जुनें उदाहरण शोधीत बसण्याचें कारण नाहीं.

याच सुमारास उत्तरेंत एक वेगळी युक्ति चालू होती. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत बादशहाच्या आबदारखान्याचें वर्णन केलें आहे. जस्ताच्या किंवा रुप्याच्या सुरईंत एक शेर पाणी घालून तोंड बंद करीत. दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाण्यांत अडीच शेर सोरा टाकीत, आणि त्या द्रवांत ती सुरई घटकाभर फिरवीत. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता ओढून घेतो, त्यामुळें सुरईंतील पाणी गार होई. जो सोरा बंदुकीच्या दारूंत आग ओकतो तोच पाणी गार करतो याचें अबुल फजलास कौतुक वाटलें, आणि तें वाजवी आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाणी आटविलें कीं तोच सोरा पुन्हां हातीं येतो. म्हणजे हमाल परत येण्याची शक्यता येथें प्रथम दिसते. परंतु आटवावयास जळण लागतें व वेळ लागतो. इ. स. १५८६ च्या सुमारास अकबराचा मुक्काम पंजाबांत पडला तेव्हांपासून लाहोरास डोंगरांतील बर्फ येऊं लागला, असेंही त्याच ग्रंथांत आहे. बर्फ मिळाल्यावर सोऱ्याचा खटाटोप दरबारानें कां करावा?

बर्फाचा व्यापार पुढें सातां समुद्रांवरून झाला, आणि त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं फ्रेडरिक ट्यूडर नांवाचा व्यापारी होता. हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून तो उष्ण देशांत विकावा, असें त्यानें मनांत घेतलें. लोक त्याला हंसले. तो कर्जबाजारीही झाला. पण लांकडाच्या भुश्यांत बर्फ दाबून भरला तर तो विषुववृत्त दोनदां ओलांडूनही टिकतो हें त्यानें दाखवून दिलें. इ. स. १८३३ च्या मे महिन्यांत त्याचें टस्कनी नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालें, तें चार महिन्यांनीं कलकत्त्यास लागलें. तोंवर १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षीं, १८३४ सालीं, मुंबईच्या बंदरांत बर्फ उतरला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें व यजमानांसह पाहुण्यांस पडसें झालें, अशी आख्यायिका मुंबईच्या जुन्या हकीकतींत सांगतात. डॉकयार्डासमोर बर्फ सांठविण्यासाठीं जाड भिंतींची कोठी उभी राहिली. मद्रासेंतील अशीच एक कोठी अद्याप उभी आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें उतरले होते, आणि आतां ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. बर्फ आला तरी जुना नियम सुटला नाहीं. येथेंही हमाल वितळून गटारांत जात असे, आणि नव्यासाठीं बोस्टनकडे डोळे लावून बसावें लागे. जहाजास उशीर झाला म्हणजे साहेबलोकांच्या पेल्यांतील गारवा बंद. घाटावरच्या आमच्या गांवखेड्यांपर्यंत तर यांतला एक खडाही पोंचण्याची शक्यता नव्हती.

योगायोग असा कीं, ज्या १८३४ सालीं मुंबईस बर्फ उतरला त्याच वर्षीं लंडनमध्यें जेकब पर्किन्स या वृद्ध अमेरिकन यंत्रज्ञानें एका यंत्राचें पेटंट घेतलें. हमालास परत आणण्याची खरी युक्ति त्यांत होती. हातावर स्पिरिट पडलें तर तें झटकन उडतें आणि हात गार पडतो, हा अनुभव सर्वांस आहे. पर्किन्सनें ईथर नांवाचा असाच उडता द्रव बंद नळ्यांत घातला. तो आंत उडाला म्हणजे भोंवतालची उष्णता घेऊन वाफ होतो. ती वाफ पंपानें ओढून दाबली कीं तापते. तापलेल्या वाफेस बाहेर गार केलें कीं तिचा पुन्हां द्रव होतो. आणि तो द्रव बारीक तोंडांतून सोडला कीं पुन्हां उडावयास तयार. तेंच द्रव्य, तीच फेरी, आणि एक थेंबही बाहेर नाहीं. आज नेकनूरच्या रस्त्यावर धांवणाऱ्या प्रत्येक एसी गाडींत पर्किन्सची हीच फेरी चालू असते. दाबणाऱ्या पंपास कारागीर कंप्रेसर म्हणतो. रेडिएटरच्या पुढें जी बारीक पत्र्यांची जाळी असते, जेथें तापलेली वाफ उष्णता टाकून देते, ती कंडेन्सर. बसणाऱ्याच्या पुढील फळीमागें जी दुसरी जाळी असते ती कूलिंग कॉइल. द्रव तेथें उडतो, आणि पंखा त्या गार जाळीवरून हवा आंत ढकलतो. माठाचें आणि या यंत्राचें शास्त्र एकच; फरक इतकाच कीं माठ गळतो म्हणून गार करतो, आणि हें यंत्र गळलें कीं गार करीत नाहीं.

या फरकांत पुढचा सर्व इतिहास सामावलेला आहे. पाणी सुटलें तर कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. परंतु पर्किन्सच्या वारसांनीं जे जे वायु वापरले ते सुटले म्हणजे अनर्थ होई. ईथर पेट घेतो, अमोनिया गुदमरवितो, सल्फर डायॉक्साइड छाती जाळतो, मेथिल क्लोराइडास वास जवळजवळ नाहीं, म्हणून तो अधिकच घातक. १९०२ सालीं अमेरिकेंत विलिस कॅरियर यानें छापखान्यांतील हवेची ओल आवरण्यासाठीं पहिलें वातानुकूलनयंत्र उभारलें, तें कारखान्यांत शोभणारें. घरांत असलें यंत्र ठेवणें म्हणजे विषाची कुपी उशाशीं घेऊन निजणें होतें, आणि १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन घरांतून असे मृत्यु घडलेही. तेव्हां थॉमस मिजले या रसायनज्ञानें व त्याच्या सोबत्यांनीं १९२८ च्या सुमारास क्लोरीन, फ्लुओरीन व कार्बन यांचा एक वायु पुढें आणला. तो जळत नव्हता, त्याला वास नव्हता, विषबाधा होत नव्हती. १९३० सालीं विद्वानांच्या सभेंत मिजलेनें तो स्वतः छातींत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला; मेणबत्ती विझली, मिजले ठणठणीत. बाजारांत त्याला फ्रिऑन हें नांव पडलें. पेट्रोलांत शिसें घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. एका मनुष्याच्या बुद्धीनें पृथ्वीच्या हवेवर दोनदां असा परिणाम करावा, हें इतिहासांत विरळा.

निरुपद्रवी वायु मिळाल्यावर शीतयंत्र मोटारींत बसविण्यास वेळ लागला नाहीं. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनें १९३९ सालच्या अखेरीस शिकागोच्या प्रदर्शनांत अशी गाडी मांडली. गार करणारी जाळी सामानाच्या पेटींत होती, आणि तिनेंच सामानाची बरीच जागा खाल्ली. कंप्रेसर एंजिनास पट्ट्यानें कायमचा जोडलेला. एंजिन चालू तोंवर तोही चालू. हिवाळ्यांत तो थांबवावयाचा तर गाडीचें तोंड उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे. दोन वर्षांत कंपनीनें हा नाद सोडला. १९५३-५४ च्या सुमारास क्रायस्लर व नॅश या कंपन्यांनीं त्याची सुधारलेली आवृत्ति आणली, आणि तेथून तें यंत्र मोटारीच्या संसारांत कायमचें शिरलें.

सुधारणा पुष्कळ झाल्या, पण पॅकार्डच्या गाडींतील एक दोष तसाच राहिला, आणि आमच्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे. घरच्या फ्रिजमध्यें कंप्रेसर व त्याला फिरविणारी विजेची मोटर एकाच पोलादी कवचांत सांधून बंद केलेलीं असतात. नळ्या तांब्याच्या, सांधे झाळलेले, आणि तें सारें भिंतीपाशीं निश्चल उभें. म्हणून फ्रिजमध्यें वीस वीस वर्षें कोणी गॅस भरीत नाहीं. मोटारींत मात्र कंप्रेसरास एंजिन फिरवितें, म्हणजे फिरणारा दांडा कवचाबाहेर काढावा लागतो. जेथें दांडा बाहेर येतो तेथें रबराचें किंवा तत्सम सील. तें फिरत्या दांड्यावर सतत घांसतें. एंजिन थरथरतें आणि गाडीचा सांगाडा वेगळ्या तालानें हलतो, म्हणून मधल्या नळ्या कांहीं ठिकाणीं रबरी ठेवाव्या लागतात. रबरांतून वायु मुंगीच्या पावलानें पाझरतोच. सांध्यांत रबरी कडीं असतात, तीं तापून ताठरतात. कंडेन्सर तर गाडीच्या अगदीं तोंडावर, जेथें पुढच्या वाहनानें उडविलेला प्रत्येक खडा येऊन बसतो. त्यांत आणखी एक भर. या यंत्राचें वंगणाचें तेल वायूबरोबरच फिरतें. हिवाळाभर एसी लावला नाहीं तर तेल सीलापर्यंत जात नाहीं, तें सुकतें, आणि काटकसर करणाऱ्या गृहस्थाचा गॅस काटकसरीमुळेंच सुटतो. हिवाळ्यांतही पंधरवड्यांतून एकदां दहा मिनिटें एसी चालवावा, असें जाणते कारागीर सांगतात तें याचसाठीं.

हा सुटलेला गॅस कोठें गेला, हें चाळीस वर्षें कोणी विचारलें नाहीं. निरुपद्रवी म्हणून जन्मास आलेला वायु. सुटला तर सुटला, नवा भरावा. अमेरिकेंत तर या वायूचा मोठा वाटा मोटारींतच खपत असे, आणि त्यांतलाही बराच नव्या गाड्यांत नव्हे, गळक्या जुन्या गाड्यांत पुन्हां भरण्यांत. १९७४ सालीं मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनीं दाखविलें कीं, खालच्या हवेंत ज्याला कोणी मोडीत नाहीं तो हा वायु हळूहळू वर चढतो, तेथें सूर्याच्या तीव्र किरणांनीं फुटतो, आणि त्यांतून सुटलेला क्लोरीनचा एक अणु ओझोनचे हजारों रेणु मोडून टाकतो. उद्योगपतींनीं प्रथम ही गोष्ट उडवून लावली. १९८५ सालीं ब्रिटिश संशोधकांनीं दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनच्या थरास मोठें खिंडार पडल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां वादास फारशी जागा उरली नाहीं. १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. अमेरिकेंत १९९२ पासून कारागिरास हा वायु उघड्या हवेंत सोडण्याची मनाई झाली. यंत्रानें ओढून घेऊन तो सांठवावा लागूं लागला. मोलिना व रोलंड यांना पॉल क्रुटझेन यांच्यासह १९९५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मिजले १९४४ सालींच वारला होता. आपल्या मेणबत्तीच्या प्रयोगाचा शेवट त्यानें पाहिला नाहीं.

मोटारींत त्या जागीं जो वायु आला तो १३४-ए या नांवानें ओळखला जातो, आणि आपल्या रस्त्यांवरील बहुतेक गाड्यांत आजही तोच आहे. उणें २६ अंशांच्या सुमारास तो उकळतो. त्यांत क्लोरीन नाहीं, म्हणून ओझोनास त्याचें भय नाहीं. परंतु पृथ्वीची उष्णता अडवून धरण्याच्या कामीं, शंभर वर्षांच्या हिशेबानें, तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें १४३० पट आहे. लहान गाडींत चारपांचशें ग्रॅम गॅस बसतो. अर्धा किलो सुटला असें धरलें, तर तें सुमारें ७१५ किलो कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखें झालें. एक लिटर पेट्रोल जळल्यानें सुमारें २.३ किलो निघतो; म्हणजे दर वैशाखांत "गॅस भरून" घेणारे आमचे गृहस्थ, गाडी एक मैलही न चालवितां, सुमारें ३०० लिटर पेट्रोल जाळल्याचें काम करीत असतात. पेट्रोलच्या दरांत एक रुपया वाढला तर घरांत चर्चा होते. या हिशेबाची चर्चा आम्ही कोठें ऐकिली नाहीं. युरोपांत २०१७ पासून नव्या गाड्यांत हा वायु बंद झाला आहे. २०१६ च्या किगाली येथील ठरावास भारतानें २०२१ सालीं मान्यता दिली, आणि अशा वायूंचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनीं कमी करण्याचें कबूल केलें आहे.

येथवर गॅसविषयीं बोललों; परंतु थंडी बंद पडण्याचें कारण नेहमीं गॅसच असतो असें नाहीं, आणि तपास न करतां गॅस भरण्यांतील दुसरी चूक हीच. गाडी कोणत्या प्रसंगीं रुसते हें पाहिलें तर पुष्कळ उलगडा होतो. बीडहून निघतांना गार हवा येते, मांजरसुंब्याचा घाट संथपणें चढूं लागलें कीं कोंबट, आणि पठारावर वेग आला कीं पुन्हां गार, असें होत असेल, तर वायु बहुधा पुरेसा आहे; कंडेन्सरास वारा पुरत नाहीं. त्यावर धूळ व चिपाडाचा भुसा बसला असेल, किंवा त्याचा पंखा फिरत नसेल. फाल्गुन-चैत्रांत ऊसतोडीहून परतणाऱ्या गाड्यांच्या मागें घाटांत अडकलें म्हणजे हा अनुभव हमखास येतो. त्या उघड्या ट्रॉलींत भांड्याकुंड्यांसह बसलेल्या कुटुंबांच्या डोक्यावर एक ताडपत्री असते, तीही असली तर. कांचेआड बसून तक्रार करणाऱ्यानें एकदां तिकडे पाहावें. बाजारांत गाडी उभी असतां हवा गरम व धांवतांना गार, हीही त्याच पंख्याची खूण. झोतच क्षीण असेल तर दोष आंतल्या गाळणींत. आमच्या काळ्या मातीची धूळ वर्षभरांत ती गाळणी गोधडीसारखी करून टाकते, आणि ती बदलण्यास गॅस भरण्याच्या मानानें फारच थोडा खर्च येतो. प्रथम उत्तम गार, अर्ध्या तासानें झोत मंद, आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हां उत्तम, असें झालें तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमून वाट बंद होत आहे. गरम व गार हवेच्या मधली झडप अडकली तर एसी निर्दोष असूनही एंजिनाच्या उष्णतेची हवा तोंडावर येते.

राहिला कंप्रेसर. पॅकार्डच्या काळीं त्याचा पट्टा हातानें काढावा लागे. आतां त्याला विजेच्या चुंबकाचा क्लच असतो, आणि एसीचें बटण दाबतांच अनेक गाड्यांत 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज येत नसेल तर क्लच, त्याचा फ्यूज किंवा दाब पाहणारी कळ यांपैकीं कांहीं तरी आडवें आलें आहे. ही कळ मुद्दाम तशी केलेली असते. गॅस फार कमी झाला तर तेलही फिरत नाहीं आणि कंप्रेसर जळून जाईल, म्हणून ती त्याला चालूंच देत नाहीं. कारागीर कधीं कधीं दोन तारा एकत्र जोडून तिला फसवितात. गाडी दोन दिवस गार राहते. मग कंप्रेसराच्या किंमतीचा आंकडा ऐकून मालकास घाम फुटतो.

आणि गॅस खरोखरच कमी असेल, तर तो जेथून गेला ती जागा आधीं शोधली पाहिजे. वायूबरोबर तेल बाहेर येतें व त्यावर धूळ चिकटते. म्हणून सांध्यावर किंवा कंडेन्सरवर काळा तेलकट डाग दिसला तर चोर बहुधा तेथेंच असतो. न दिसल्यास नायट्रोजन दाबून भरावा आणि साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे, किंवा तेलांत रंग घालून जांभळ्या किरणांच्या दिव्याखालीं पाहावें. दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा पंपानें पूर्ण ओढून काढणें अवश्य आहे. कारण हवेबरोबर ओल आंत राहिली तर तिचा बर्फ होऊन बारीक तोंड बुजतें, आणि गॅस भरलेला असूनही गाडी गार करीत नाहीं. शेवटीं वायु घालावयाचा तो गाडीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणें, तराजूवर तोलून. जास्त घातला तर जास्त गार होईल ही समजूत तितकीच खोटी आहे. कंडेन्सर द्रवानें तुंबतो, दाब वाढतो आणि थंडी उलट कमी होते. या सर्व कामास अर्धा दिवस लागतो व मजुरीही अधिक पडते. अर्ध्या तासांत गॅस भरून देणारा कारागीर लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. गिऱ्हाईक थांबावयास तयार नसतें, आणि तपासाचे पैसे द्यावयास तर त्याहून तयार नसतें. घरच्या छपरास गळती लागली तर आपण खालीं भांडें ठेवून स्वस्थ बसत नाहीं, कौलें चाळून घेतों. येथें मात्र दर उन्हाळ्यास भांडें तेवढें बदललें जातें.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या मोटारी येऊं लागल्या आहेत. त्यांत एंजिनच नाहीं, म्हणून कंप्रेसरास घरच्या फ्रिजसारखी स्वतःची मोटर एकाच बंद कवचांत दिलेली असते. फिरता दांडा बाहेर काढावा लागत नाहीं, आणि पॅकार्डपासून चालत आलेलें तें घांसणारें सील नाहींसें झालें आहे. रबरी नळ्या व सांधे मात्र राहिले आहेत. कंडेन्सरही गाडीच्या तोंडाशींच असल्यामुळें मांजरसुंब्याच्या घाटांतील खडी त्याला पूर्वींप्रमाणेंच लागते. आणि यांपैकीं पुष्कळ गाड्यांत विजेची पेटी थंड ठेवण्याचें कामही याच वायूकडे दिलेलें आहे. तेथें तो सुटला तर बसणाऱ्यास उकडतेंच, शिवाय भर उन्हांत गाडी जलद चार्ज होण्याचेंही थांबतें.